कोरा फिल्टर

१

धूळ गोळा करणं हेच ज्यांचं पोटापाण्याचं काम, अशी माणसं थोडी. प्रयोगशाळेत ती एकटीच होती, त्यामुळे शिपायापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे तिला धूळवाली म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. घरी मात्र आत्या टोमणा मारायची, की दिवसभर परक्यांची धूळ जिवापाड जपतेस आणि स्वतःच्या कपाटावरून कधी फडकं फिरवत नाहीस.

कामात तसं नाट्य काही नव्हतं. बिस्किटाएवढा गोल, पांढराशुभ्र फिल्टर चिमट्याने उचलायचा, वजन करायचं, पंपाच्या तोंडाशी बसवायचा. पंप दिवसभर हवा ओढतो आणि हवेतली धूळ फिल्टरवर साचते. मग तो फिल्टर द्रावकात भिजवायचा, उतरलेला अर्क यंत्रात सोडायचा आणि वाट बघत बसायचं. यंत्र एक आलेख काढतं. आलेखावर सुळके उमटतात, आणि एकेक सुळका म्हणजे एकेक रसायन. डिझेल, कोळसा, डांबर अर्धवट जळलं की जी रसायनं धुळीच्या कणांना चिकटून हवेत फिरतात, त्यांच्या मागावर ती असायची. त्यातली काही फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं गप्प राहून एक दिवस कॅन्सर होऊन उठतात. दिसत नाहीत, टोचत नाहीत. त्यांना हुडकायचं म्हणजे धुळीलाच बोलतं करावं लागतं.

या सगळ्यात एक फिल्टर कोरा ठेवायचा असतो. तो बाकीच्यांबरोबर त्याच जागी जातो, डबीचं झाकण क्षणभर उघडून परत लावलं जातं, पण त्याला पंप जोडत नाहीत. तो जसा गेला तसा पांढरा परत आला, म्हणजे वाटेत, हाताळताना, डबीत कुठे घाण शिरलेली नाही. कोराच मळला, तर बाकी सगळे फिल्टर काहीही सांगोत, चाचणी बाद. नव्याने कामाला लागलेल्यांना ती हा नियम पहिल्याच दिवशी शिकवायची.

तिच्या आजवरच्या नोकरीत एकदाही कोरा फिल्टर मळून आला नव्हता.

२

रेडिओ केंद्रात ती गेली ती आत्यामुळे.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर भावाच्या घरी राहिली आणि आयुष्यभर बातम्या वाचल्या. निम्मं शहर तिच्या आवाजावर घड्याळ लावायचं. त्या आवाजाला आधी खरखर आली, मग खोकला लागला, आणि डॉक्टरांनी फुप्फुसातली गाठ दाखवली. आत्याने जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती. पण ती जिथून वाचायची त्या दोन नंबरच्या स्टुडिओतले, तिच्या आधी त्याच खुर्चीवर बसणारे आणखी दोघे याच दुखण्याने गेले होते. केंद्रात लोक दबक्या आवाजात खुर्चीला नावं ठेवत. केंद्रप्रमुख म्हणत, वय झालं की शरीर कुरकुरतंच, त्याला खुर्ची काय करणार.

धूळवालीने चाचणीची परवानगी मागितली तेव्हा ते हसले. स्टुडिओला खिडकी नाही, दोन जाड दारं आहेत, भिंती दुहेरी आहेत. रस्त्यावरचा आवाज आत येत नाही तिथे धूळ कुठून येणार? सापडली तर मला दाखवायला आणा, असं म्हणून त्यांनी सही केली.

तिला आत घेऊन गेले ते तारमामा. केंद्रातले सगळ्यात जुने इंजिनीअर. गळ्यात कायम एखादी वायर अडकवलेली, म्हणून हे नाव. दुपारी दोन नंबरचा स्टुडिओ रिकामा असायचा. त्यांनी बाहेरचं दार लावलं, मग आतलं, आणि धूळवालीला वाटलं की कोणीतरी मागून येऊन आपल्या दोन्ही कानांवर हात ठेवले. भिंतींना भोकाभोकांच्या लाकडी फळ्या होत्या आणि त्या भोकांत आवाज जिरून जात होता. ती बोलली तर शब्द ओठांपासून वीतभर अंतरावर खाली पडल्यासारखे वाटले. मधोमध टेबल, त्यावर स्पंजची काळी टोपी घातलेला माइक, मागे खुर्ची, समोर जाड काच. काचेपलीकडे तारमामांची खोली.

तिने एक पंप दाराशी लावला, दुसरा कोपऱ्यात. कोऱ्या फिल्टरची डबी उघडली, लावली आणि टेबलावर माइकशेजारी ठेवून दिली. पंप सुरू झाले, पण त्यांची घरघर त्या खोलीने जेमतेम ऐकू येण्याइतकीच शिल्लक ठेवली.

संध्याकाळी ती फिल्टर काढायला आली. दोन्ही पंपांवरचे फिल्टर पांढरेशुभ्र होते, नुकतेच पाकिटातून काढल्यासारखे. बरं झालं, असं मनाशी म्हणत तिने टेबलावरची डबी उचलली. झाकण घट्ट लागलेलं होतं. आतला कोरा फिल्टर राखाडी झाला होता. सगळीकडे सारखा नाही. मधोमध गडद आणि कडांकडे विरळ होत गेलेला, थंड आरशावर कोणी तोंड जवळ नेऊन फुंकर घालावी तसा.

३

माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो, निदान प्रामाणिक माणूस तरी. आपणच डब्यांची अदलाबदल केली असणार, असं तिने ठरवून टाकलं. पण डब्यांवर खुणा होत्या आणि त्या खुणा तिच्याच हातच्या होत्या. मग पंप उलटे चालत असतील. तिने पंप तपासले, ते सुलटे चालत होते. प्लास्टिकच्या डबीत वीज साचते, ती धूळ ओढते, हेही तिला माहीत होतं. म्हणून पुढच्या खेपेला तिने धातूच्या डब्या नेल्या आणि त्यांच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळली.

परत तेच झालं. ज्यांनी दुपारभर हवा ओढली ते फिल्टर कोरे आले, आणि ज्याने काहीच ओढलं नव्हतं तो मळला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

तिने तो मळलेला फिल्टर यंत्रात घातला. नियमाने घालायचं काही कारण नव्हतं, पण तिच्याने राहवेना. आलेखावर सुळक्यांची रांग उभी राहिली. एवढी विषारी धूळ तिने भर चौकातही पाहिली नव्हती. जी रसायनं ती वर्षानुवर्षं शोधत आली होती, ती सगळी तिथे एकत्र जमली होती, आणि त्यांतला सगळ्यात घातक सुळका सगळ्यांत उंच होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोरा मळला म्हणजे चाचणी बाद," त्या म्हणाल्या. "हा नियम मी तुला सांगायचा, की तू मला?"

"पण बाई, हे आलं कुठून?"

"ते तू मला सांगायचंस. आणि ते सांगता येत नाही तोवर हा कागद या खोलीबाहेर जायचा नाही."

बातमी तरीही बाहेर गेलीच. केंद्रप्रमुखांनी फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, की स्वच्छ फिल्टर घाण आणि घाण फिल्टर स्वच्छ, असं काहीसं झालं म्हणे? एक शेवटची दुपार देतो, त्यानंतर हा विषय बंद. तिने फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. त्या खुर्चीवर आता एक नवी निवेदिका बसत होती. जेमतेम तिशीची. तारमामा सांगत होते, की हल्ली बातम्यांच्या मध्ये दोनदा आवाजाचं बटण खाली करावं लागतं, तिला खोकता यावं म्हणून.

४

त्या आठवड्यात आत्याचं औषध चढवून झालं होतं. अशा दिवसांत ती खुर्चीत पांघरूण घेऊन बसायची आणि फार बोलायची नाही. आवाज आधीच घोगरा झालेला, त्यात श्वास पुरायचा नाही. धूळवालीने तिला पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की दोन नंबरच्या खोलीत तुला कधी काही वेगळं वाटलं का. वास, धूर, काहीही.

आत्याने वास नाही म्हणून मान हलवली. मग पाण्याचा एक घोट घेतला.

"लाल दिवा लागला की मी श्वास घ्यायचे," ती म्हणाली. "वाचायला सुरुवात करण्याआधी घ्यावाच लागतो, खोल. तो हेडफोनमध्ये आपल्यालाच ऐकू येतो. शेवटची काही वर्षं तो मला दोनदा ऐकू यायचा."

"यंत्रात कधीकधी आवाज मागून घुमतो, आत्या. उशिरा पोचतो."

"उशिरा नाही गं. आधी."

धूळवालीने आपली खुर्ची जवळ ओढली.

"मी घ्यायच्या आधी कोणीतरी घ्यायचं," आत्या म्हणाली. "वाचायला बसल्यासारखं. आणि मग थांबायचं, मी सुरू करेपर्यंत."

हे कुणाला सांगितलं का नाहीस, असं तिने विचारलं. आत्या हसली आणि हसता हसता खोकली. बातम्या वाचणाऱ्या बाईला आवाज ऐकू येतात हे कळलं असतं, तर तिला कोणी माइकपुढे ठेवलं असतं का? शिवाय सवय होते. नंतर नंतर तर तो श्वास ऐकू आला की तिला धीर यायचा, की चला, वेळ झाली.

धूळवाली आपल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. आजारी माणूस, जड औषधं, डोक्यात एकात दुसरंच मिसळतं. तिने स्वतःची अशी समजूत घातली. पण आत्याने हे औषधं सुरू झाल्यानंतरचं सांगितलं नव्हतं, आधीचं सांगितलं होतं; आणि ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

५

शेवटच्या दुपारी तिने पंप नेलेच नाहीत. जी धूळ ओढून येत नाही आणि न ओढता येते, तिला ओढायचं कशाला, असा साधा विचार तिने केला होता. कोऱ्या फिल्टरांच्या डब्या उघड्या करून तिने भिंतीच्या कडेने ठेवल्या, एक टेबलावर माइकपुढे ठेवली, आणि स्वतः खुर्चीत बसली. तारमामांना तिने माइक उघडा ठेवायला आणि फक्त काट्याकडे बघायला सांगितलं. आवाज झाला की हलतो तो काटा. त्यांनी का ते विचारलं नाही. काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि दारावरचा लाल दिवा लागला.

हेडफोन लावल्यावर ती खोली आणखी जवळ आली. कपड्यांची सळसळ, घड्याळाच्या पट्ट्याचा चामडी आवाज, स्वतःच्या गिळण्याचा आवाज. ती अगदी स्थिर बसली. किती वेळ गेला कोण जाणे, एकदम पायांखाली बारीकशी थरथर सुरू झाली. तारमामांनी समोरचं बटण दाबून सांगितलं की वीज गेली, जनरेटर लागला, दुपारी रोजच जाते. मग बटण सोडलं आणि खोली परत बंद झाली.

तेव्हा तिने तो ऐकला.

श्वास. आत घेतलेला, खोल आणि सावकाश, ज्याला वाचायची सवय आहे त्याने घ्यावा तसा. डाव्या कानात. घेतला आणि थांबला.

माझाच, तिने मनात म्हटलं. तिने श्वास रोखून धरला आणि हाताने तोंड आणि नाक दाबलं. काचेपलीकडे तारमामांनी मान वर केली. त्यांनी भुवया उंचावून, बोट तिच्याकडे करून विचारलं: तुम्ही? तिने नाकातोंडावरचा हात न काढता नाही म्हणून मान हलवली. ते खाली काट्याकडे बघायला लागले आणि त्याच वेळी तिला डाव्या बाजूने दुसरा श्वास ऐकू आला. तारमामांचा चेहरा वर आलाच नाही. ते काट्यावर डोळे खिळवून बसले आणि गळ्यातली वायर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

टेबलावरचा फिल्टर मधोमध काळवंडत होता. तिच्या डोळ्यांदेखत, पाण्याचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा.

त्या क्षणी उठून पळावं असं तिला वाटलं, यात शंका नाही. ती उठलीही. पण पाय दाराकडे गेले नाहीत. आत्या या खुर्चीत बसून किती वर्षं हे नाकावाटे आत घेत होती, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला भीतीच्या वर राग आला. तिने तो फिल्टर चिमट्यात धरला आणि डाव्या भिंतीकडे नेला. वर नेला तर डाग जसाच्या तसा राहत होता, खाली नेला तरी तसाच. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल त्या उंचीला, एका फळीच्या भोकांपुढे, तो चिमट्यातच काळा झाला. तिने दुसरा हात फळीवर ठेवला. फळी कोमट होती.

त्या भोकांना कान लावायचं धाडस तिला झालं नाही.

६

तारमामांनी हट्ट धरला म्हणून दुसऱ्या दिवशी फळी उघडायची ठरली, तेव्हा केंद्रप्रमुख स्वतः आले. गंमत बघायला आले होते, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. तारमामांनी स्क्रू काढले. शेवटचा स्क्रू निघाला, त्यांनी फळी दोन्ही हातांनी धरून बाजूला केली, आणि जळक्या तेलाचा वास असा आला की केंद्रप्रमुखांनी रुमाल नाकाला लावला.

दोन भिंतींच्या मध्ये हातभर पोकळी होती. आवाज जिरवण्यासाठी भरलेली काचेची लोकर काळी होऊन खाली बसली होती, आणि पोकळीतून उभा वर गेलेला लोखंडी नळ होता. जनरेटरच्या धुराचा नळ. कोणा शहाण्याने तो बाहेरून न नेता भिंतीतून नेला होता. त्याचा एक सांधा गंजून फाकला होता आणि त्यातून वर्षानुवर्षं धूर पोकळीत मुरत आला होता.

"हे बघा," धूळवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "सापडली. दाखवायला आणायची गरज नाही, तुम्हीच आलात."

तिने टॉर्च लावला आणि आत धरला.

पोकळीत धूळ होती, ती असणारच. पण ती खाली बसलेली नव्हती आणि तरंगतही नव्हती. ती थांबलेली होती. टॉर्चच्या उजेडात आधी तिला नुसता एक धूसर पट्टा दिसला. मग त्याला उतार दिसला, दोन्ही बाजूंना सारखा, खांद्यांसारखा. वर एक गोलवा होता, किंचित पुढे झुकलेला, स्टुडिओतल्या माइककडे. कोणी टेबलाशी वाचायला बसावं तेवढ्याच उंचीवर. तिने टॉर्च हलवला नाही. तिला वाटलं, की आपण पापणी हलवली तर तो गोलवा वळेल.

मागे कोणीतरी दार उघडलं. वाऱ्याची झुळूक आली आणि ते सगळं एकदम खाली बसलं. काही आवाज झाला नाही. मागच्या भिंतीवर काजळीचा मखमलीसारखा थर होता. त्यात एक जागा तेवढी स्वच्छ होती, रुंद आणि वर निमुळती, टेकून बसलेल्या पाठीएवढी.

तिने केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो ते रुमालाने पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

धूळवालीने हातमोजे चढवले. हात आत घालावा लागणार होता आणि घालवत नव्हता, पण पुराव्याशिवाय परत जायचं नाही हे तिने ठरवलंच होतं. तिने नळाच्या सांध्यावरची काजळी खरवडून एका डबीत घेतली, भिंतीवरची दुसऱ्या डबीत. हात बाहेर काढला तेव्हा तो जागच्या जागी होता, आणि या साध्या गोष्टीचा तिला फार आनंद झाला.

७

पण मोठ्या बाई आपल्या जागी बरोबर होत्या. भिंतीत काजळी आहे हे सिद्ध झालं. ती माणसांच्या श्वासात गेली हे झालं नव्हतं. मळलेल्या कोऱ्या फिल्टरांवर कोणीही बोट ठेवलं असतं आणि सगळं प्रकरण धुळीला मिळालं असतं. धूळवाली दोन दिवस डोकं धरून बसली. मग तिला माइक आठवला, आणि ती आहे त्या चपलांनिशी केंद्राकडे निघाली.

माइकला स्पंजची टोपी असते, तोंडाची फुंकर आवाजात येऊ नये म्हणून. दोन नंबरमधली टोपी बसवल्यापासून कधी बदललीच नव्हती. तारमामा ओशाळून म्हणाले, की चालत होती तर कोण बदलतंय. तिला त्यांची पाठ थोपटावीशी वाटली. निवेदकाच्या तोंडापासून चार बोटांवर असलेला तो स्पंज म्हणजे एक फिल्टरच होता. आत्या जी हवा आत घेत होती, तीच इतकी वर्षं त्यातून जात होती. आणि एक नंबरच्या स्टुडिओत त्याच दिवशी बसवलेली, तशीच दुसरी टोपी होती, तेवढीच वापरलेली. त्या भिंतीतून नळ गेलेला नव्हता.

दोन्ही टोप्या तिने कापल्या, भिजवल्या आणि यंत्रात घातल्या. एक नंबरच्या टोपीचा आलेख जवळजवळ सपाट आला. दोन नंबरचा आला तेव्हा मोठ्या बाई तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी तो कागद उचलला, नळातल्या काजळीच्या आलेखाचा कागद उचलला, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर ऊन होतं. दोन्ही कागदांतून उजेड आला आणि सुळक्यावर सुळका बसला. उंचीला उंची, उताराला उतार. एकाच हाताने दोनदा काढलेली सही असावी तसं.

"हा तुझा खरा कोरा," एक नंबरच्या सपाट आलेखावर बोट ठेवून बाई म्हणाल्या. "आता कोण बाद म्हणतंय ते मी बघते."

अहवाल वर गेला, चौकशी समिती बसली आणि बाई स्वतः तिच्यापुढे आल्या. वरून आलेल्या साहेबांनी बऱ्याच फाटे फोडणाऱ्या शंका काढल्या: रस्त्याची धूळ असेल, लोकांच्या कपड्यांवरून आली असेल. धूळवालीने रस्त्यावरच्या धुळीचा आलेखही पुढे ठेवला; त्यातले सुळके वेगळ्याच चालीचे होते. शेवटी साहेब केंद्रप्रमुखांकडे वळले. सगळ्यांना वाटलं, आता हे नेहमीप्रमाणे कानांवर हात ठेवणार.

"भिंत उघडली तेव्हा मी तिथे होतो," केंद्रप्रमुख म्हणाले. "मी पाहिलंय."

साहेबांनी विचारलं काय पाहिलं. केंद्रप्रमुखांनी धूळवालीकडे एकदा बघितलं.

"काजळी," ते म्हणाले. "ती खोली बंद करा."

दोन नंबरचा स्टुडिओ त्याच दिवशी बंद झाला. त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाची तपासणी झाली. नव्या निवेदिकेच्या फुप्फुसात वाटाण्याहून लहान डाग सापडला. डॉक्टरांनी तो काढला आणि सांगितलं की आणखी वर्षभराने आल्या असतात तर आमच्या हातात काही नव्हतं. आत्याचं दुखणं कामामुळे झालं हे मान्य झालं, आणि जे दोघं गेले त्यांच्याही घरी तसं कळवलं गेलं. त्यांच्यातल्या एकाची बायको प्रयोगशाळेत आली. तिला आलेख वगैरे काही नको होतं. इतकी वर्षं लोक म्हणत होते की लपून सिगारेटी ओढत असतील, ती म्हणाली, आणि धूळवालीचे दोन्ही हात धरून उभी राहिली. त्याच नकाशावर बांधलेल्या आणखी काही केंद्रांच्या भिंती उघडण्यात आल्या. काहींत नळ फाकलेले निघाले. तिथे कोणी अजून खोकायला लागलं नव्हतं.

पंपांवरचे फिल्टर पांढरे का राहिले आणि बंद डबीतला का मळला, याचं उत्तर तिला मिळालं नाही. तिने जनरेटरच्या वेळा, दारं उघडण्या-मिटण्याने हवेवर पडणारा दाब, सगळं मांडून पाहिलं. उत्तर जवळ यायचं आणि सुटायचं. ते मळले नसते तर ती पहिल्याच दिवशी हवा शुद्ध आहे असं लिहून मोकळी झाली असती, एवढं मात्र खरं. तिने आणि तारमामांनी त्या दुपारबद्दल पुढे एकदाही तोंड उघडलं नाही.

८

समितीचा निष्कर्ष जाहीर करायचा होता त्या दिवशीच्या सकाळच्या बातम्या कोणी वाचायच्या, हा प्रश्नच उरला नव्हता. आत्याची औषधं संपली होती. केस बोटभर आले होते, आवाज खरखरीत कागदासारखा होता. तिने एकच अट घातली होती: खिडकी असलेली खोली. तशी खोली केंद्रात नव्हती, म्हणून तारमामांनी वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत वायरी ओढल्या आणि टेबलावर माइक मांडला. गाड्यांचा आवाज येईल, कोणीतरी कुरकुरलं. येऊ दे, केंद्रप्रमुख म्हणाले.

धूळवाली तारमामांच्या शेजारी उभी होती. दिवा लागला. आत्याने कागद सरळ केले, खोल श्वास घेतला, एकच, आणि स्वतःचं नाव सांगितलं. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला आणि तो तसाच शहरभर गेला. आत्याने दोन नंबरच्या स्टुडिओची बातमी इतर बातम्यांसारखीच वाचली, शब्द न शब्द सुटा, कुठे घाई नाही. धुळीत सापडलेल्या रसायनांची अवघड नावं आली तेव्हा तिने ती अशी उच्चारली की जणू वर्गात हजेरी घेतेय आणि एकेकाला उभं करतेय. नवी निवेदिका दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

बातम्या संपल्या. तारमामांनी हाताने खूण केली की झालं, आता दुसरे वाचतील. आत्या उठली नाही. तिने टेबलापलीकडून हवामानाचा कागद स्वतःकडे ओढून घेतला, एकदा वरून खाली नजर फिरवली आणि उघड्या खिडकीकडे बघत वाचायला सुरुवात केली.

"आज आकाश निरभ्र राहील," आत्या म्हणाली. "हवा स्वच्छ असेल."